जैन जेवणाची हमी

मार्च उजाडला की आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत परदेशी सहलींच्या पानभर जाहिराती यायला लागतात. ‘स्कँडिनेव्हिया! चार देश, नऊ दिवस!’ वर निळ्या पाण्याचा आणि उंच कड्यांचा फोटो. आणि खाली, फोटोपेक्षा ठळक लाल चौकटीत, ‘शुद्ध जैन जेवणाची हमी’. ही चौकट ज्यानं पहिल्यांदा छापली तो माणूस हुशार म्हणायचा. आपल्या घरांत सहल ठरवणारा मुलगा असतो, पैसे भरणारे मालक असतात, पण ‘तुम्ही जाऊन या, मी काही येत नाही, तिकडं खायचं काय?’ एवढं बोलून सगळा बेत मोडू शकणारी एकच बाई असते, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. त्या बाईचं तोंड बंद करायला ही चौकट आहे.

माझं म्हणणं असं आहे की ही हमीच आपली सहल खाऊन टाकते. आपण पोटाची हमी घेतो आणि त्या बदल्यात सहलीचा आराखडा दुसऱ्याच्या हातात देतो. कुठं थांबायचं, किती वेळ थांबायचं, काय बघायचं आणि काय सोडायचं, हे सगळं मग आपलं जेवण कुठं मिळतं यावर ठरतं. लाखो रुपये मोजून, आयुष्यात एकदाच काढलेल्या सहलीत बाई सामानासारखी नेली जाते आणि सामानासारखी परत आणली जाते.

आधी त्या नऊ दिवसांचा हिशेब मांडू या. पहिला दिवस विमानात, शेवटचा दिवस विमानात. उरले सात. त्यांत कोपनहेगन, ऑस्लो, स्टॉकहोम, हेलसिंकी. मधल्या दोन रात्री बहुतेक वेळा समुद्रावरच्या मोठ्या जहाजात, म्हणजे झोपेत प्रवास. प्रत्येक शहरात सकाळी बस फिरवून राजवाडा, नगरभवन, बंदर दाखवतात आणि दुपारी खरेदीला सोडतात. ज्या नॉर्वेचा फोटो जाहिरातीत टाकून पैसे घेतले, त्याच्या वाट्याला येतात जेमतेम दोन दिवस. त्यातला अर्धा बसमध्ये.

नॉर्वे केवढा आहे हे कुणी सांगत नाही. क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा थोडं जास्तच. आणि माणसं किती? साधारण ५५ लाख. २०११च्या जनगणनेत एकट्या बेळगाव जिल्ह्यात जवळजवळ ४८ लाख माणसं होती. म्हणजे आपल्या जिल्ह्याहून थोडी जास्त माणसं सगळ्या महाराष्ट्राएवढ्या डोंगराळ मुलखावर पसरून टाकली तर जे होईल, तो नॉर्वे. तिथं बघण्यासारखं जे आहे ते त्या रिकामेपणात आहे. मैलोन्मैल डोंगर, मधे पाणी, काठाला पाच-पंचवीस लाल-पांढरी लाकडी घरं. हे बघायला वेळ लागतो. ते काय राजवाड्याचं फाटक आहे, की बसमधून उतरलं, फोटो काढला आणि चढलं?

नकाशावरचं अंतरही फसवतं. ऑस्लो ते बर्गन साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. आपला मुलगा म्हणतो, ‘पुणे-नागपूरपेक्षा कमी, पाच तासांत जाऊ.’ नाही जात. तिथं गावाबाहेरच्या रस्त्यावर सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर, रस्ता डोंगरातून, मधे बोगदे, कुठं फेरीबोट. लार्डालचा एकच बोगदा साडेचोवीस किलोमीटरचा आहे, २००० साली खुला झाला. म्हणजे बसचा अख्खा दिवस गेला. त्या दिवसात बायकांचं काय होतं ते पुरुषांना कळत नाही, म्हणून इथं स्पष्ट लिहिते. बस दोन-अडीच तासांनी थांबते, तिथं स्वच्छतागृहापुढं रांग लागते, कुठं आत जायला कार्डावर पैसे भरावे लागतात. म्हणून आमच्या बायका सकाळपासून पाणी पिणंच सोडतात. साठीच्या पुढच्या बाया नऊ दिवस तहानलेल्या फिरतात आणि परत आल्यावर ‘फार छान झालं’ म्हणतात. रेल्वेत आणि मोठ्या फेरीबोटीत स्वच्छतागृह असतं, उठून पाय मोकळे करता येतात, खिडकी बदलता येते. सहलीचा आराखडा एखाद्या बाईनं केला असता तर पहिला नियम हाच झाला असता की शक्य तिथं रेल्वे आणि बोट, बस अगदी नाइलाजानं.

आता त्या हमीकडं येते. जैन जेवण द्यायचं म्हणजे भारतीय खाणावळ पाहिजे. ती कुठं असणार? मोठ्या शहरात. म्हणजे गट शहराच्या आसपास राहिला पाहिजे, निदान संध्याकाळी शहरात पोचला पाहिजे. फ्योर्डच्या टोकाला दीडशे वस्तीचं गाव आहे, तिथं कोण पनीरची भाजी करून ठेवणार? मग ते गाव यादीतून जातं, नाहीतर बोटीतून ‘ते बघा’ म्हणून दाखवलं जातं. (फ्योर्ड म्हणजे हिमनदीनं खणलेल्या खोल दरीत शिरलेला समुद्र. दोन्ही बाजूंना सरळ कडे, मधे शांत पाणी.) जे बघायला गेलो ते सोडायचं आणि जिथं पनीर मिळतं तिथं मुक्काम करायचा! आणि मिळतं काय? तळघरातल्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, कांदा-लसूण वगळलेली तीच पिवळी डाळ, तेच पनीर, तोच भात. संध्याकाळी सहाला, कारण आठला दुसरा गट येणार असतो.

सहाला का, असं विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘तुम्ही जैन ना, दिवस मावळायच्या आत जेवता ना, म्हणून.’ हे ऐकून हसावं की रडावं कळत नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बर्गनला सूर्य रात्री अकराच्या पुढं मावळतो आणि पहाटे चारच्या सुमाराला उगवतो. उत्तरेला ट्रॉम्सोला तर २० मेपासून २२ जुलैपर्यंत तो मावळतच नाही. आपल्याकडं साडेसहाला पानं घेणारी बाई तिथं दिवसभर फिरून, डोंगरावरून उतरून, निवांत आठ वाजता जेवली तरी बाहेर लख्ख उजेड आहे. जो नियम इथं आपल्याला प्रवासात घाईला आणतो तोच तिथं आपल्याला मोकळीक देतो. आणि आपल्याच नियमाचं नाव सांगून आपल्याला ऐन उजेडात तळघरात नेऊन बसवतात! मध्यरात्रीच्या सूर्याच्या मुलखात, जिथं दिवस मावळतच नाही, तिथं काय करायचं? ज्यांना तो प्रश्न पडतो त्यांनी ज्यांचं ऐकतात त्यांना निघायच्या आधी विचारावं, किंवा आपल्यापुरतं घड्याळ धरावं, सात म्हणजे सात. पण हे ठरवायचा अधिकार तिचा आहे, सहल काढणाऱ्याचा नाही. डिसेंबरात जाणाऱ्यांनी तर हे आधीच ठरवावं. त्या दिवसांत ऑस्लोला साडेतीनच्या आत सूर्य मावळतो आणि ट्रॉम्सोला नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवतच नाही.

महिन्याचं निघालंच आहे तर आणखी एक सांगते. मध्यरात्रीचा सूर्य आणि उत्तरेकडचे ते हिरवे प्रकाशझोत, ज्यांना नॉर्दर्न लाइट्स म्हणतात, या दोन्ही गोष्टी एका सहलीत बघायची हौस अनेकांना असते. होत नाही ते. प्रकाशझोत दिसायला अंधार लागतो. सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर हा त्यांचा काळ. त्यातही ढग आले तर दिसत नाहीत. पैसे भरले म्हणून आकाश बांधील नसतं. जूनमध्ये जाणारीला कुणी प्रकाशझोतांचा फोटो दाखवून पैसे मागत असेल तर तिथूनच उठावं.

तसंच नॉर्डकाप. ‘युरोपचं उत्तर टोक’ म्हणून कड्यावर लोखंडी गोल उभा केलाय, त्याच्यापुढं फोटो काढायला लोक हजारो मैल जातात. एक तर तो कडा बेटावर आहे. दुसरं म्हणजे त्याच बेटावर शेजारचं क्निव्हशेल्लोद्देन हे टोक त्याच्याहून उत्तरेला जातं. पण तिथं चालत जावं लागतं, बस जात नाही, म्हणून ‘टोक’ तिथं ठरलं जिथं बस जाते. या धंद्यातल्या पुष्कळ ‘सर्वांत’ अशाच ठरतात.

‘मग खायचं काय?’ हा प्रश्न काही खोटा नाही, आणि त्याला मी टाळणार नाही. नॉर्वेतलं रोजचं जेवण म्हणजे मासे, मांस आणि बटाटा. चपातीसारखी दिसणारी ‘लेफ्से’ हौसेनं घ्याल तर तिच्या काही प्रकारांत बटाटाच मळलेला असतो. हॉटेलात ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर मासा काढून बाकीचं तेच पुढं येऊ शकतं. म्हणून हॉटेल हा आपला मार्गच नव्हे. आपला मार्ग ‘ह्युत्ते’ म्हणजे लाकडी कॉटेज, किंवा स्वयंपाकघर असलेली खोली. त्या देशात ही पद्धत जुनी आणि घरगुती आहे. तिथले लोक स्वतः सुट्टीत डोंगरातल्या ह्युत्तेत जाऊन राहतात आणि हातानं रांधून खातात. भांडी, शेगडी, फ्रिज सगळं असतं. नळाचं पाणी थेट प्यायला चालतं. आपल्यातल्या ज्यांना गाळूनच लागतं त्यांनी गाळणं न्यावं, तेवढी जागा पिशवीत असते.

गावोगावी किवी, रेमा १०००, कोऑप अशी किराणा दुकानं आहेत. दूध, दही, लोणी, तांदूळ, कोबी, टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, सफरचंदं मिळतात. ऑस्लोतल्या ग्रोनलांड भागात आशियाई वाणसामानाची दुकानं आहेत, तिथं डाळी आणि मसाले घेऊन मग पुढं निघावं. वेष्टनावरचे चार शब्द ओळखायला शिकावेत. कांद्याला तिथं ‘लोक’ म्हणतात, लसणाला ‘वीटलोक’, बटाट्याला ‘पोटेट’, गाजराला ‘गुलरूट’. अंडं इंग्रजीसारखंच ‘एग’. हे शब्द त्यांच्या लिपीत एका कागदावर मुलाकडून लिहून घ्या आणि पर्सला ठेवा. बाजाराला जाताना यादी करणाऱ्या बाईला हे अवघड आहे का?

एक गोष्ट मात्र निघायच्या आधी ठाऊक पाहिजे. भारतातून नॉर्वेत दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, खवा काही नाही. आमच्या बायका आधी तुपाचा डबा भरतात, तो विमानतळावर काढून टाकला तर जीव हळहळेल. तिथलं लोणी उत्तम असतं, ते घरी कढवा, तूप तयार. पीठ, कोरड्या चटण्या, भाजलेला रवा, मेतकूट एवढं बरोबर असलं की झालं.

इथं आमची एखादी वहिनी पदर खोचून विचारेल, ‘म्हणजे तिथं जाऊनही मीच चूल पेटवायची? मग घरीच काय वाईट होतं?’ तिचं बरोबर आहे. माझ्या म्हणण्यावर घेता येईल असा सगळ्यांत खरा आक्षेप हाच आहे. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस रांधणाऱ्या बाईला सुट्टीतही रांधायला लावणारी सहल कसली? पण यावर उतारा तळघरातलं पनीर हा नव्हे. आराखड्यात तारखेपुढं नाव लिहायचं, हा उतारा. सोमवारी मुलगा, मंगळवारी सून, बुधवारी घरचे मालक. कुकरला मुगाची खिचडी लावायला कुठली पदवी लागत नाही. ज्या घरात पुरुषाला खिचडी लावता येत नाही त्या घरानं निघायच्या आधी दोन महिने शिकवणी सुरू करावी. व्हिसाची कागदपत्रं जमवायला महिने लागतात, तेवढ्यात कोबीची भाजीही जमेल. आणि ‘जैन जेवणाची हमी’ घरातल्या पुरुषांनीच द्यावी. बाहेरून विकत घ्यायची गरज पडणार नाही.

आता नुसती टीका करून उठत नाही, आराखडाही मांडते. एकच देश. दहा-अकरा दिवस. तीन मुक्काम, चौथा नाही.

पहिला मुक्काम ऑस्लो, दोन रात्री. विगेलांडच्या बागेत दोनशेवर शिल्पं उघड्यावर आहेत, तिकीट नाही, कधीही जा. माणसाच्या जन्मापासून म्हातारपणापर्यंतचं सगळं दगडात आणि धातूत घडवलंय. आपल्याकडं दिगंबर मूर्ती बघत वाढलेल्या बाईला तिथल्या नग्न शिल्पांपुढं संकोच वाटायचं कारण नाही. गटातले इतरजण खिदळतील, ती शांत बघेल. बंदरावरच्या ऑपेरा हाऊसच्या उतरत्या छपरावरून चालत वर जाता येतं. एडवर्ड मुंकची चित्रं बघायला नवं संग्रहालय २०२१मध्ये उघडलंय. एवढं पुरे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बर्गनकडं जाणारी रेल्वे. ही वाट १९०९ साली पुरी झाली. गाडी झाडीतून वर चढत जाते, झाडं संपतात, आणि फिन्से स्टेशनला आपण १,२२२ मीटरवर असतो. जूनमध्येही आजूबाजूला बर्फ असू शकतो. पुढं मिरदाल स्टेशनला उतरायचं आणि फ्लोमची छोटी गाडी धरायची. वीस किलोमीटरच्या वाटेवर ती आठशे साठ मीटरहून जास्त खाली उतरते, वीस बोगद्यांतून. त्यातले अठरा बोगदे माणसांनी हातानं खणले. हाच टप्पा तयार पॅकेज म्हणूनही विकतात, पण गाड्या आणि बोटी त्याच, तिकिटं सुटी काढता येतात, आणि सुटी काढली की मधे मुक्काम करता येतो. खरी गोम तिथंच आहे.

दुसरा मुक्काम त्या फ्योर्डच्या काठाला, चार रात्री. फ्लोम हे काही शेकड्यांच्या वस्तीचं गाव, आणि उन्हाळ्यात तिथं हजारो माणसांची जहाजं येऊन लागतात. म्हणून फ्लोममध्ये राहू नका. थोड्या अंतरावरच्या आउर्लांडमध्ये ह्युत्ते घ्या. एक दिवस नॅरोयफ्योर्डमधून बोटीनं जा. हा फ्योर्ड २००५पासून जागतिक वारसा आहे. सगळ्यांत अरुंद ठिकाणी रुंदी अडीचशे मीटर आणि दोन्ही बाजूंना हजार-हजार मीटरहून उंच डोंगर. एक दिवस बोर्गुंडचं लाकडी चर्च बघा. बाराव्या शतकाच्या अखेरीचं आहे, आठशे वर्षं पाऊस-बर्फ खाऊन उभं आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती १२०४ची. आपली बस्ती दगडात घडत होती त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी त्या लोकांनी हे लाकडात उभं केलं. ही तुलना कुठला मार्गदर्शक सांगणार नाही, ती आपली आपल्यालाच सुचली पाहिजे, आणि सुचायला तिथं तासभर बसायला मिळालं पाहिजे.

आणि एक दिवस काहीही बघू नका. हे वाचून घरचे लोक म्हणतील, ‘एवढे पैसे देऊन काहीच नाही बघायचं?’ तोच दिवस खरा. १९५७च्या कायद्यानं नॉर्वेत कुणालाही पडीक रानातून, डोंगरातून चालायची मुभा आहे, जमीन कुणाचीही असो. शेत तुडवायचं नाही, घरांपासून लांब राहायचं, कचरा टाकायचा नाही, एवढंच. ऑगस्टात रानात निळी बोरं पिकतात, ती तोडून खायला बंदी नाही. आपल्या साधू-साध्वी देश बघतात तो पायी विहार करून, आणि चातुर्मासात चार महिने एका जागी राहून. चालणं आणि थांबणं, दोन्ही आपल्या परंपरेत आहे. नुसतं बसमधून धावत देश मोजत सुटणं मात्र नाही. ‘किती देश झाले?’ असं आता भिशीत विचारतात. दागिने मोजणं बरं होतं, निदान ते मुलीला देता यायचे. देश जमवणं हाही परिग्रहच.

तिसरा मुक्काम बर्गन, तीन रात्री. फ्लोमहून उन्हाळ्यात बोट निघते ती सोन्ये फ्योर्डमधून बर्गनला जाते. हा फ्योर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आणि काही ठिकाणी तेराशे मीटर खोल. पाच-साडेपाच तास पाण्यावर. बर्गनला पाऊस वर्षातले दोनशेहून जास्त दिवस असतो. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, हे आंबोलीचा पाऊस बघितलेल्या माणसाला सांगायला नको. ब्रिगेनची लाकडी वखारींची ओळ, फ्लोयेनवर चढणारी १९१८पासूनची डोंगरगाडी, आणि मासळीबाजार गाठायचा की टाळायचा हे तुमच्या मनावर. तिथूनच विमान धरून घरी.

आता उरलेल्या सबबी. भाषा? तिथं जवळजवळ सगळ्यांना इंग्रजी येतं, आणि तुमचं मोडकं इंग्रजी ते हसून नाही, ऐकून घेतात. व्हिसा? ज्या देशात सगळ्यांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडं अर्ज करायचा, असा शेंगेनचा नियम आहे. एकच देश असला की अर्जही सोपा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, मोठ्या माणसाची फी २०२४पासून ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पैसा? नॉर्वे महाग आहे, यात शंका नाही. पण तीन विमानप्रवास वाचवले, हॉटेलातल्या जेवणाऐवजी घरी रांधलं, रेल्वेची तिकिटं आधी काढली, तर तेवढ्याच पैशात दिवस वाढतात. ६७ वर्षांपुढच्यांना रेल्वेत सवलतही असते. गुडघे? रेल्वे, बोट आणि काठाकाठानं चालायचा रस्ता, यांत चढ आहे कुठं? बसच्या पायऱ्या दिवसातून वीस वेळा चढण्या-उतरण्यापेक्षा ते बरंच.

उरली शेवटची सबब, आणि तीच सगळ्यांच्या मनात असते पण कुणी बोलत नाही. ‘तिला काय कळणार त्यातलं?’

तिला काय कळतं ते सांगते. श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला निघालेल्या चाळीस माणसांच्या गाडीचा शिधा, पाणी, स्टोव्ह, धर्मशाळेच्या खोल्या, कुणाची औषधं, कुणाचा उपवास, कुणाचं लहान मूल, हे सगळं कुठल्याही कागदाशिवाय डोक्यात ठेवते ती आपल्याच घरातली बाई. विंध्यगिरीच्या सहाशेवर पायऱ्या ती अनवाणी चढते. शिखरजीची २७ किलोमीटरची वंदना पहाटेच्या अंधारात सुरू करते आणि दुपारी उतरून बाकीच्यांच्या पानाची चौकशी करते. या बाईला आपण सांगतो, ‘अक्का, तुम्ही नुसतं बसा गाडीत, जेवणाची हमी आहे.’ हा तिचा मान नव्हे. तिच्या अंगातलं सगळं कसब बाजूला काढून तिच्या हातात पनीरचं ताट दिलेलं आहे.

तेव्हा बायांनो, या वर्षी ती लाल चौकट बघून ‘चला, जेवणाची सोय आहे’ म्हणून मान हलवू नका. मुलाला सांगा, जाहिरात बाजूला ठेव, नकाशा काढ. वहीत पाच प्रश्न लिहा. कुठला महिना, कुठला एकच देश, किती मुक्काम, रोज कोण रांधणार, आणि कुठला दिवस मोकळा. पाचांची उत्तरं तुमच्या अक्षरात लिहून झाली, की मग पैसे भरा. उत्तरं दुसऱ्या कुणी लिहिली असतील तर ती सहल त्याची, आणि त्याला तुमच्याशिवायही जाता येईल.